सही उद्या

अक्कांच्या चष्म्याची दोरी आमच्याच कारखान्यात तयार झाली होती. ठिबकच्या नळ्यांमध्ये सगळ्यात बारीक जी काळी नळी असते, झाडाच्या मुळाशी थेंब नेणारी, तिचा तपासणीत बाद झालेला एक तुकडा त्यांनी रीतसर मागून घेतला होता आणि दोन्ही टोकं चष्म्याच्या काड्यांना बांधली होती. चष्मा बहुतेक वेळ छातीवर लोंबत असायचा. तो डोळ्यांवर चढायला लागला की समोरचे साहेब सावध व्हायचे. आता ही बाई काहीतरी वाचून दाखवायला सांगणार, हे ठरलेलं.

त्यांचं नाव इंदू, पण कारखान्यात लहानमोठे सगळे अक्काच म्हणत. पॅकिंग विभागात त्या नळ्यांचे जोड मोजून पिशव्यांत भरायच्या. मी जळगावच्या त्या कारखान्यात पर्सोनेलमध्ये नवीन लागले होते. शाळा-कॉलेज इंग्रजी माध्यमात झालेलं, टायपिंग जलद, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. या तिसऱ्या गुणामुळे मला चौकशीचं कामकाज लिहायला बसवलं. "ही पोरगी बाहेर काही बोलणार नाही," असं आमचे मॅनेजर साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते. ते खरं होतं. मी आतही काही बोलत नसे.

चौकशी म्हणजे एखाद्या कामगारावर आरोप आला, की त्याला काढण्याआधी कंपनीने त्याचं म्हणणं ऐकायचं. आमच्याकडे त्यासाठी बाहेरून एक वयस्कर वकील यायचे. ते चौकशी अधिकारी. कंपनीची बाजू मॅनेजर साहेब मांडायचे. आणि कामगाराला सोबत आपला एक सहकारी बसवण्याचा हक्क असतो. तो सहकारी म्हणजे बहुतेक वेळा अक्का.

माझ्या पहिल्याच चौकशीला खोलीत खुर्च्या कमी होत्या. वकीलसाहेबांना एक, मॅनेजर साहेबांना एक, मला एक आणि अक्कांसाठी एक. ज्याची चौकशी होती तो माणूस दाराशी हात बांधून उभा राहिला. शाळेत शिक्षा झालेली मुलं उभी राहतात, तसा. अक्का आल्या, चपला बाहेर काढल्या, खोलीभर नजर फिरवली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, बसा ना," वकीलसाहेब म्हणाले.

"पाव्हना उभा शे, मी कशी बसू?"

"पाहुणा कोण?"

"हा काय. तुम्ही बोलावला म्हणून आला. आपल्या पायानं आला असता का?"

मॅनेजर साहेब म्हणाले, की ही चौकशी आहे, लग्न नाही. अक्का म्हणाल्या, "लग्नात तरी जेवायला मिळतं, साहेब." पण हलल्या नाहीत. शेवटी कँटीनमधून प्लॅस्टिकची लाल खुर्ची आली. चौकशी संपल्यावरही ती खुर्ची कोणी परत नेली नाही. पुढे मी त्या खोलीत इतर कामांना गेले, तेव्हाही ती भिंतीशी असायची.

‘आरोपी’ हा शब्द अक्कांनी कधी उच्चारला नाही. सगळे पाव्हने. पाव्हना आला की आधी पाणी. त्यासाठी त्या स्वतःचा स्टीलचा तांब्या घेऊन यायच्या. माणूस रडत असो, चिडलेला असो, खोटं बोलायच्या तयारीत असो, त्यांचं पहिलं वाक्य एकच: "पह्यले पानी पे. मंग सांग." पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही, आणि तेवढ्यात त्याच्या तोंडून निघणारं पहिलं चुकीचं वाक्य पोटात परत जातं, असा त्यांचा सिद्धांत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे गवार. वकीलसाहेब कधीच वेळेवर यायचे नाहीत. मग अक्का नायलॉनच्या पिशवीतून गवारीच्या शेंगा काढायच्या आणि मांडीवर पेपर पसरून मोडत बसायच्या. दोन्ही बाजूंची टोकं खुडायची, शीर ओढायची, कट्‌कन मोडायची. पाव्हन्यालाही चार शेंगा द्यायच्या. "हात रिकामा राह्यला की डोकं फिरस," म्हणायच्या. एकदा मॅनेजर साहेबांसमोर त्यांनी अशाच चार शेंगा ठेवल्या. साहेब पुण्याकडचे. त्यांनी शेंगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी टायपिंगकडे पाहिलं. थोड्या वेळाने बघते तर साहेब शेंगा मोडत होते, आणि शीर न काढता मोडत होते म्हणून अक्का त्यांना रागावत होत्या.

अक्का कायद्याच्या पंडित होत्या असं कोणी समजू नये. कलमांचे आकडे त्या हमखास चुकवायच्या. कधी कधी मागच्या चौकशीतलं नाव या चौकशीत घ्यायच्या. बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. वकीलसाहेबांनी घड्याळ दाखवलं तर "छान आहे, नवीन का?" विचारायच्या. युनियनचा तरुण पुढारी त्यांना फारसा आवडायचा नाही, आणि त्या ते लपवतही नसत. तपकिरीचं व्यसन होतं. चौकशीत नेमक्या महत्त्वाच्या क्षणी शिंकायच्या. ती शिंक खरी की मुद्दामची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण दोन गोष्टींवर त्या कधी ढळल्या नाहीत. पहिली: दिवसाचं कामकाज लिहून झालं की ते पाव्हन्याला समजेल अशा भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचं, मगच त्याची सही. मी इंग्रजीत लिहायचे, तसाच आदेश होता. त्यामुळे मराठीत सांगायचं काम माझ्यावर आलं. पहिल्या दिवशी मी इतक्या हळू वाचलं, की वकीलसाहेबांनी पंखा बंद करायला लावला. अक्का म्हणाल्या, "पोरी, त्या भिंतीले आयकू जाऊ दे. त्याची नोकरी शे ती, तुन्ही परीक्षा नही." घरी अहिराणी शब्द तोंडातून निघाला की आई डोळे वटारायची. अक्का बोलल्या की मला सगळं कळायचं, आणि कळतंय हे कोणाला कळू नये असं वाटायचं.

दुसरी गोष्ट त्यांच्या त्या दोन शब्दांची. माणसाचं आयुष्य फिरवणारा कागद समोर आला, राजीनामा असो की कबुलीजबाब, तर सही त्याच दिवशी करायची नाही. "आज आयक, सही सकाय." सकाय म्हणजे उद्या. कारखान्यात त्याचं ‘सही उद्या’ झालं होतं. पोरं गमतीत एकमेकांना म्हणायची. कँटीनवाल्याने उधारीच्या वहीवर सही मागितली तरी, "सही उद्या!"

हे शब्द कुठून आले, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेंगा मोडता मोडता. त्यांचे यजमान धरणगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये होते. एका संध्याकाळी मालकाशी वाद झाला. मालक म्हणाला, एवढी ऐट असेल तर राजीनामा लिहून दे. यांनी दिलं. "घरी येऊन जेवले. पानावरच म्हने, मी सही करी आलो. बस. सकाळी राग उतरला, तोवर जागेवर दुसरा माणूस उभा." एवढं बोलून त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली आणि विषय बदलला.

आपल्या पाव्हन्याने खरंच चूक केली असेल, तरी त्या सोबत बसायच्या. याचं मला नवल वाटायचं. एका ऑपरेटरने सुपरवायझरला सगळ्यांदेखत मारलं होतं. अक्कांनी त्याला चौकशीआधी जिन्याखाली नेलं आणि असा झापला, की वरच्या मजल्यावर ऐकू आलं. मग आत येऊन त्याच्या शेजारी बसल्या आणि पूर्ण ताकदीने त्याची बाजू मांडली. मी धीर करून विचारलं, की बाहेर इतकं बोललात आणि आत त्याच्याच बाजूने? त्या म्हणाल्या, "बाहेर मी त्याची मोठी बहीण. आत मी त्याची खुर्ची. चोरालेबी विचारनं पडस, की बा, का केलं? न विचारता काढलं, तर तो चोर आणि आपणबी चोर." त्याची नोकरी गेलीच. अक्का पुढचे काही दिवस कोणाशी फारशा बोलल्या नाहीत. डबाही एकट्याच खायच्या.

पण अक्का म्हटलं की आमच्या कारखान्यातल्या माणसांना एकच गोष्ट आठवते. भरिताची चौकशी.

जळगावात हिवाळा म्हणजे भरीत. हिरवी, मोठी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची. मग लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची. वर शेंगदाणे, कांद्याची पात, भरपूर तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या पुऱ्या. आमच्या कारखान्यातही दर हिवाळ्यात एका शनिवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, नळ्यांच्या यार्डामागे भरीत व्हायचं. यार्ड म्हणजे प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या उंच ढिगांचं मैदान. त्याच्याजवळ आग पेटवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे बाहेरचा कोणीही सांगेल. आमच्यातल्या कोणाला ते सुचलं नाही. भरीत दरवर्षी व्हायचं, म्हणजे ते होणारच. शिफ्ट इनचार्ज चौधरीसाहेब स्वतःच्या शेतातली वांगी आणायचे. अक्का पात चिरायच्या. आणि वांगी भाजायचा तो गुलाब.

गुलाब यार्डात काम करायचा. धुळ्याकडच्या एका खेड्यातला, लग्न नुकतंच झालेलं, बायकोला दिवस गेलेले. कमी बोलायचा, पण बोलला की चुकीच्या जागी खरं बोलायचा. भरिताच्या आदल्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून मोठे साहेब पाहणीला आले होते. त्यांनी सहज विचारलं, सुरक्षेची काही अडचण? सगळे नाही म्हणाले. गुलाब म्हणाला, "साहेब, त्या आगीच्या लाल बादल्यांमझार वाळूच नही शे." चौधरीसाहेबांचा चेहरा मी पाहिला होता.

त्या शनिवारी वारा सुटला. एक ठिणगी उडून नळ्यांवरच्या ताडपत्रीवर पडली आणि ताडपत्रीने पेट घेतला. गुलाब बादलीकडे धावला, तिथून पाण्याच्या पिंपाकडे. कोणीतरी ओली पोती आणली. आग विझली. एक ताडपत्री आणि काही नळ्या गेल्या. सगळे घाबरून हसले. मग भरीत ठेचलं गेलं आणि खाल्लंही गेलं.

सोमवारी गुलाबला फाटकावरच थांबवलं. सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये मॅनेजर साहेब बसले होते, समोर राजीनाम्याचा तयार कागद. साहेबांनी मला तो कागद टाइप करायला सांगितला होता, म्हणून मीही तिथेच उभी होते. "सही कर आणि शांतपणे जा," साहेब म्हणाले. "नाहीतर कंपनी जाळण्याचा प्रयत्न म्हणून पोलिसात देईन. मग तुला कुठेच काम मिळणार नाही. बायकोचा विचार कर."

गुलाबने पेन घेतलं. कागद जवळ ओढला.

तेवढ्यात अक्का आत आल्या. त्यांना कोणी सांगितलं ते आजवर कळलेलं नाही. सुरक्षारक्षक छताकडे बघत होता. अक्कांनी तांब्या पुढे केला.

"गुलाब, पह्यले पानी पे."

तो प्यायला. पेन खाली ठेवावं लागलं.

"आज सोमवार ना रे? तुना उपास शे ना?"

गुलाबने त्यांच्याकडे पाहिलं. मान हलवली.

"साहेब, हा महादेवाचा सोमवार करतो. आमच्याकडे उपासाच्या दिवशी सही करत नाहीत."

"ही कुठली पद्धत?" साहेब म्हणाले.

"खान्देशातली," अक्का म्हणाल्या. सुरक्षारक्षकाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. साहेब पुण्याकडचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, की असं असतं का? मी काहीच बोलले नाही. माझ्या न बोलण्याचा तेवढाच उपयोग झाला असेल.

"उद्या विचार करून सांगेल," म्हणत अक्कांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी गुलाबने राजीनामा द्यायला नकार दिला. मग त्याला निलंबित केलं, आरोपपत्र दिलं, आणि चौकशी लागली. आरोप होता कारखान्याच्या आवारात एकट्याने आणि जाणूनबुजून आग लावण्याचा. सिद्ध झाला असता तर नोकरी गेलीच होती.

लाल खुर्चीवर गुलाब बसला. चौधरीसाहेब साक्षीला आले, आणि अक्कांनी चष्मा चढवला.

"चौधरीसाहेब, आग कोणी पेटवली?"

"गुलाबने."

"लिही पोरी. गुलाबने. आम्ही नाही म्हणतच नाही. काय रे?"

"आग मीच लाई, साहेब," गुलाब म्हणाला. "खोटं कसाले बोलू?"

मॅनेजर साहेब खूश होऊन मागे टेकले. अक्कांनी विचारलं, "वांगी कुठली होती?"

चौधरीसाहेबांनी कॉलर सारखी केली. मग हळूच, "आमच्या शेतातली."

"कवळी होती की बियांची?"

"बियांची? अक्का, आमच्या शेतातलं वांगं बियांचं?" चौधरीसाहेब साक्ष विसरले. "लोण्यासारखं होतं!"

"तेल वरून सोडलं होतं की मिरची तळून?" हा प्रश्न वकीलसाहेबांचा होता. तेही जळगावचेच. पुढची काही मिनिटं त्या खोलीत तेलावर अशी चर्चा झाली, की मी टाइप करायचं थांबले. मॅनेजर साहेब म्हणाले, "याचा आरोपाशी संबंध काय?"

"येते साहेब, संबंधावरच येते," अक्का म्हणाल्या. "चौधरीसाहेब, दरवर्षी भरीत होतं?"

"होतं."

"तिथेच?"

"तिथेच."

"कधी कोणी अडवलं? एखादी पाटी, एखादी नोटीस?"

"नाही."

"यंदा खाल्लं कोणी?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हणजे नावं सांगा. पोरगी लिहितेय."

चौधरीसाहेबांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग शिफ्टमधली नावं. "आणि मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये डबा कोणी नेला?"

मॅनेजर साहेब खुर्चीत सरळ झाले. "मीच," चौधरीसाहेब म्हणाले.

अक्कांनी मॅनेजर साहेबांकडे पाहिलं. त्या पाहण्यात कुचेष्टा नव्हती, खरीच चौकशी होती. "साहेब, आवडलं होतं ना?"

साहेबांचे कान लाल झाले. "चांगलं होतं," ते म्हणाले. वकीलसाहेबांनी मला खूण केली. लिहा.

"आणि लिहिणारीनेबी खाल्लं, तेबी लिही," अक्का म्हणाल्या. "दोनदा घेतलं व्हतं वं माय."

मी लिहिलं. कामकाज लिहिणाऱ्या व्यक्तीनेही भरीत खाल्लं. इंग्रजीत ते वाक्य फार विचित्र दिसत होतं, पण खोडलं नाही.

मग अक्कांचा आवाज खाली आला. त्या चिडल्या की आवाज चढायचा नाही, उतरायचा.

"ठिणगी पडली तेव्हा पहिला कोण धावला?"

"गुलाब."

"कुठे?"

"वाळूच्या बादलीकडे."

"बादलीत काय होतं?"

चौधरीसाहेब टेबलाकडे बघत राहिले. अक्कांनी घाई केली नाही. चष्म्याची नळी बोटाला गुंडाळली, सोडली. मला वाटलं आता शिंकतील. शिंकल्या नाहीत.

"चहाचे कागदी कप होते," चौधरीसाहेब म्हणाले. मग स्वतःच पुढे बोलले. ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "आदल्या आठवड्यात तो बोलला होता. मी वाळू भरून घ्यायला पाहिजे होती."

बाहेर यार्डात फोर्कलिफ्टचा भोंगा वाजत होता. गुलाब मान खाली घालून रडत होता, आवाज न करता. अक्कांनी तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या:

"साहेब, प्लॅस्टिकजवळ आग पेटवली, ही चूकच. मी त्यात सामील नसते तर पोरांना धरून बडवलं असतं. पण मी तिथंच होते. पात चिरत होते. माझंबी नाव लिहा. शिक्षा द्या, पण चूक जेवढी तेवढी द्या, आणि ज्याची त्याची द्या. बठ्ठासनी जेवायचं आणि उष्टी एकट्यानं काढायची, असं कुठल्या पंगतीत असतं?"

त्या दिवशीचं कामकाज मी वाचून दाखवलं. गुलाबसाठी वाचायचं होतं, म्हणून मराठीत सुरुवात केली. पण ‘बादलीत’ या शब्दापाशी काय झालं कोणास ठाऊक, पुढचं सगळं अहिराणीत आलं. कच्ची, शाळकरी अहिराणी. चौधरीसाहेबांनी वर पाहिलं. गुलाब ऐकत होता, एकेका वाक्याला मान हलवत होता. अक्का मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आयकू गयं भिंतले."

वकीलसाहेबांच्या अहवालात लिहिलं होतं, की आग पेटवल्याचा आरोप खरा, पण ‘एकट्याने’ आणि ‘जाणूनबुजून’ हे दोन शब्द खोटे. गुलाबची नोकरी राहिली. काही दिवसांचं बिनपगारी निलंबन आणि लेखी ताकीद, एवढ्यावर भागलं. चौधरीसाहेबांनाही ताकीद मिळाली, आणि अक्कांनाही, त्यांच्या नोकरीतली पहिलीच. तो कागद त्यांच्या हातात देताना मॅनेजर साहेब म्हणाले, "अक्का, इथे सही."

अक्कांनी चष्मा चढवला. साहेब हसले. "माहीत आहे. उद्या."

पण ताकिदीएवढ्यावर ते थांबलं नाही. पुढच्याच आठवड्यात अक्कांची बदली पॅकिंगच्या पंख्याखालून भंगार निवडायच्या शेडमध्ये झाली. कारण कोणी दिलं नाही. मला वाटलं, आता त्या स्वतःसाठी भांडतील. त्या गेल्या, पत्र्याखाली एक पाट ठेवला, आणि निवृत्तीपर्यंत तिथेच बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "दुसऱ्यासाठी भांडताना लाज नही वाटत, पोरी. आपल्यासाठी तोंड उघडत नही." पुढची बाजू त्यांनी सांगितली नाही, पण मला ती कळली. त्यांच्या शेजारी बसायला कोणी अक्का नव्हती. गुलाब मात्र दर सोमवारी वाळूच्या बादल्या भरून झाल्या, की त्या शेडमध्ये जाऊन त्यांना पाणी द्यायचा. भरीत आता फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या शेतात होतं. शेजारी दोन लाल बादल्या, काठोकाठ.

निवृत्तीनंतर अक्का धुळ्याला मुलीकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात मी धुळ्याला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते, परतताना त्यांच्याकडे थांबले. देवपुरात एका गल्लीतलं घर, पुढे छोटा ओटा. ओट्यावर अक्का, मांडीवर परात, परातीत गवार. चष्मा नवा होता, नळी तीच. अंगाने बऱ्याच सुकल्या होत्या. मला ओळखायला थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, "भरीत खाणारी!"

आम्ही फार बोललो नाही. मी गुलाबच्या मुलीचा फोटो दाखवला, ती आता शाळेत जाते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "बापासारखं बोलस का?" विचारलं. मी म्हटलं, तसंच, चुकीच्या जागी खरं. त्या पोटभर हसल्या, मग खोकल्या.

मी निघाले तेव्हा समोरच्या घरातली एक मुलगी धावत आली. कुठल्याशा खासगी दवाखान्यात नर्स होती, गणवेशातच होती. एका रुग्णाच्या तक्रारीवरून तिला, काही न विचारता, घरी पाठवलं होतं. आता फोनवर मेसेज आला होता, की राजीनामा देत आहे एवढंच लिहून पाठव, संध्याकाळपर्यंत. ती उभ्यानेच सांगत होती, रडत होती, आणि बोटं स्क्रीनवरच होती. "अक्का, मी लिहूनच टाकते. मला परत तिथे तोंडच दाखवायचं नाही."

रिक्षावाला भोंगा वाजवत होता. अक्कांनी ओट्यावर हात आपटून तिला बसायची जागा दाखवली. ती बसली. अक्कांनी तांब्या पुढे केला. ती दोन्ही हातांनी पाणी पिऊ लागली, आणि तिचा फोन अक्कांनी अलगद काढून घेतला, पालथा केला, आणि परातीत गवारीच्या ढिगात खोचून ठेवला.

मी रिक्षात बसले. मागे वळून पाहिलं, तेव्हा फोन वाजायला लागला होता. परात गुणगुणत होती, वरच्या शेंगा थरथरत होत्या. अक्कांनी त्यातलीच एक थरथरती शेंग उचलली, शीर ओढली, आणि चार शेंगा त्या मुलीच्या हातात दिल्या.